प्रमाणात नसलेले नकाशे

लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा छापण्याची आपल्याकडे रीत आहे. दोन समांतर रेघांचा रस्ता, एक चौक, पेट्रोल पंप, मारुतीचे देऊळ, एक जाड बाण आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रमाणात नाही’ अशी कबुली. पत्रिकेतला मजकूर बहुधा ठरावीकच असतो. मला तिच्या मागची ही बाजू अधिक वाचनीय वाटते. गेली काही वर्षे असे हाती काढलेले नकाशे मी जमवते आहे. पोस्टकार्डावरचे, वहीच्या फाडलेल्या पानावरचे, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवरचे. अमेरिकेत क्रिस हार्झिन्स्की यांनी २००८ साली नेमक्या याच कामासाठी ‘हँड ड्रॉन मॅप असोसिएशन’ सुरू केली आणि २०१० मध्ये निवडक नकाशांचे पुस्तकही काढले, हे कळले तेव्हा आपला छंद अगदीच विक्षिप्त नाही याचे समाधान वाटले.

या कागदांत एवढे काय आहे? माझ्या मते हातचा नकाशा हा नकाशांच्या कुळातला कमी आणि पत्रांच्या कुळातला अधिक आहे. १७६७ पासून काम करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा कोणा एकासाठी काढलेला नसतो. तो कोणालाही सारखाच उपयोगी पडावा, हेच त्याचे मोठेपण. हातच्या नकाशाला मात्र एक वाचक असतो. तो कोठून येणार, त्याला काय ठाऊक आहे, तो कोठे चुकेल, याचा अंदाज काढणाऱ्याने केलेला असतो. म्हणून त्यात आठ किलोमीटरचा सरळ रस्ता बोटभर होतो आणि शेवटच्या दोन गल्ल्या अर्धा कागद व्यापतात. येथे अंतराचे माप फूट किंवा मैल नसून चुकण्याची शक्यता हे आहे. ‘प्रमाणात नाही’ हे शब्द म्हणूनच मला पटत नाहीत. प्रमाण आहे, फक्त ते निराळे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे अपरिचित वाटू नये. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आपण प्राचीन मराठी गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, हिंडले ती स्थाने गावोगाव कोठे आहेत, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला आहेत, हे ती सांगते. रेघ एकही नाही, पण पुढे येणाऱ्या भाविकाला वाट सापडावी हाच हेतू आहे. खरेदीखतातली चतुःसीमा किंवा पंचनाम्याला जोडलेला घटनास्थळाचा कच्चा नकाशा हीदेखील याच वंशातली, जरा रुक्ष भावंडे.

येथपर्यंत सारे लोभस आहे. पण या लोभसपणावरच थांबणे मला आता धोक्याचे वाटते, आणि त्याला वर्गात घडलेला एक प्रसंग कारण आहे. केविन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या ग्रंथासाठी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांकडून त्यांच्या शहराची रेखाटने काढून घेतली होती. ग्रामीण कादंबरी शिकवताना मी तोच प्रयोग करून पाहिला. ‘आपापल्या गावाचा नकाशा काढा’ एवढीच सूचना दिली. वेस, पार, देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, पिठाची गिरणी यांनी भरलेले सुबक कागद हाती आले. त्यांतल्या बहुतेकांत गाव ओढ्यापाशी संपत होते. एका मुलीच्या कागदावर मात्र ओढा मधोमध होता. अलीकडे तिची वस्ती, घराघरांसह. पलीकडे सारे गाव, तेही तपशिलाने. पार होता, देऊळ होते, आणि देवळाला वळसा घालून जाणारी एक वाटही तिने काढली होती. तिच्याच गावच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने काढलेला कागद मी शेजारी ठेवला. त्यात ओढ्यापलीकडे कोरी जागा होती.

त्या मुलाने ही वस्ती मुद्दाम गाळली असे मला वाटत नाही. त्याला तेथे जाण्याचे कधी कामच पडले नव्हते. तिला मात्र सगळे गाव माहीत असणे भाग होते. ज्याला अडवले जाण्याची धास्ती असते, त्याचा नकाशा अधिक पूर्ण असतो, हे त्या दोन कागदांनी मला शिकवले. दलित आत्मकथने शिकवताना मी जे तासभर बोलत असे, ते येथे दोन पेन्सिलींनी सांगून टाकले होते.

म्हणून हातचे नकाशे जमवणे हा स्मरणरंजनाचा उद्योग ठरवून निकालात काढू नये, आणि तो तेवढाच राहू नये, असे माझे म्हणणे आहे. आता मोबाइल वाट दाखवतो, आणि चांगली दाखवतो. रात्री-अपरात्री परक्या गावात शिरताना मीही त्याचाच आधार घेते. त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. मात्र त्यामुळे असे कागद निर्माण होण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, आणि जे आहेत ते जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जात आहेत. मराठी विभागांनी म्हणी, ओव्या, बोलींचे शब्द गोळा केले. त्याच यादीत हेही यावे. फक्त नुसता कागद ठेवून भागणार नाही. तो कोणी, कोणासाठी, केव्हा काढला, याची टिपण सोबत हवी. आणि त्यात काय नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा.

शिवाय काढणाऱ्याची संमती हवी. त्या मुलीचा नकाशा माझ्या संग्रहात नाही. मी मागितला तेव्हा ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हा घरी दाखवायचा आहे.” माझ्याकडे कोऱ्या जागेचा कागद तेवढा आहे. त्याच्या पाठीवर मी दुसऱ्या नकाशाचे टिपण करून ठेवले आहे.