चष्म्याचा नंबर आणि ग्रंथालयाची पायरी

मीरा रोड वा भाईंदर स्थानकातून बाहेर पडून कोणत्याही हमरस्त्याने चालू लागल्यास चष्म्याची दुकाने जितक्या सहजतेने दृष्टीस पडतात, तितक्या सहजतेने सार्वजनिक ग्रंथालय दृष्टीस पडत नाही. आणि या दोन संस्थांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, असा विचारही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. तो संबंध आहे, आणि निकटचा आहे. २०११ च्या जनगणनेतच ज्या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती, त्या शहरात मुलाच्या वाढत्या नंबराविषयी, आजीच्या मोतीबिंदूविषयी, कारागिराच्या थकलेल्या डोळ्यांविषयी दररोज जो सल्ला दिला जातो, तो कशाच्या आधारे दिला जातो, हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे. त्या सल्ल्याला पडताळलेल्या पुराव्याचा आधार हवा असेल, तर त्या पुराव्यापर्यंत नेणारी वाट सार्वजनिक ग्रंथालयातून काढली पाहिजे, आणि मीरा-भाईंदर महानगरपालिकेने हे काम स्वतःहून हाती घेतले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण अगदी रोजच्या व्यवहारातले घेऊ. संगणकापुढे दिवस घालवणाऱ्या तरुणाला वा मोबाइलवर अभ्यास करणाऱ्या मुलीच्या पालकांना ‘ब्ल्यू कट’ काच घ्या, डोळ्यांवरचा ताण कमी होईल, असे सांगितले जाते आणि त्यासाठी अधिक दामही पडतात. सांगणारा असत्य बोलतो असे मुळीच नव्हे. पुष्कळदा कंपनीच्या माहितीपत्रकावाचून दुसरा आधार त्याच्यापाशी नसतो. परंतु २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने सहा देशांतील सतरा नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, आणि त्याचा निष्कर्ष असा की, संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा काचांमुळे अल्प मुदतीत तरी साध्या काचांहून कमी होत नसावा. या चाचण्या लहान होत्या, त्यांतील दीर्घतम चाचणीही पाच आठवड्यांचीच होती आणि दृष्टिपटलाच्या रक्षणाविषयी त्यांतून काहीच निश्चित सांगता येत नाही, हेही त्याच आढाव्यात तितक्याच प्रांजळपणे नमूद आहे. आपले ज्ञान कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते याचा असा हिशेब मांडणे, हाच पुराव्यावर आधारलेल्या चिकित्सेचा प्राण होय.

ही विचारसरणी ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते आर्ची कॉक्रेन हे ब्रिटिश वैद्य. उपचार चालत आलेला आहे एवढ्याने तो गुणकारी ठरत नाही, त्याची निःपक्ष कसोटी झाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी १९७२ साली आपल्या छोटेखानी ग्रंथातून धरला. आणि १९९३ साली त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. या आग्रहाचे मोल ‘आळशी डोळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बालविकारात उत्तम दिसते. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुर्बळ डोळ्याला काम करावयास लावणे हा जुना शिरस्ता. पण ती पट्टी दिवसातून किती तास बांधावी, याविषयी ज्याचा त्याचा वेगळा नेम होता. अमेरिकेतील बालनेत्रविकारांच्या एका संशोधक-गटाने सात वर्षांखालील १८९ मुलांवर केलेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध केली, आणि मध्यम प्रतीच्या विकारात चार महिन्यांनंतर दोन तासांच्या पट्टीने जितकी सुधारणा झाली तितकीच सहा तासांच्या पट्टीने झाली, असे दाखवून दिले. ज्या मुलाला पट्टी बांधून शाळेत जाताना सवंगड्यांच्या नजरा झेलाव्या लागतात, त्याच्या दृष्टीने दिवसाचे चार तास ही क्षुल्लक बाब नव्हे. पण त्या चाचणीचा लेख वाचलेला चिकित्सक त्या मुलाला भेटला तरच ते चार तास त्याच्या पदरात पडतात.

छापलेले ज्ञान आणि प्रत्यक्ष उपचार यांत अंतर पडले की केवढी हानी होते, याचा एक दारुण दाखला नेत्रवैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. १९४० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना जगवण्यासाठी मुक्तहस्ताने प्राणवायू दिला जाऊ लागला, आणि त्याच काळात अशा बालकांत अंधत्वाची एक साथच उसळली. प्राणवायूच त्यास कारण असावा, असा संशय मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली छापून प्रकट केला. अमेरिकेतील अठरा रुग्णालयांच्या संयुक्त चाचणीने १९५४ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु तोपर्यंत जगभरातील सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली होती, असा अंदाज केला जातो. आज हाच धोका आपल्या शहरांतील नवजात-कक्षांत उभा आहे, आणि येथे परदेशी ग्रंथ जसाच्या तसा प्रमाण मानूनही चालत नाही. अमेरिकेतील नियमानुसार मुख्यतः दीड हजार ग्रॅम वा त्याहून कमी वजनाच्या अर्भकांचे दृष्टिपटल तपासले जाते. आपल्याकडे मात्र त्याहून भरलेल्या बालकांतही हा विकार आढळत असल्यामुळे दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बालकाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी, असा भारतीय दंडक आहे. १९५३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’सारख्या स्वदेशी नियतकालिकांचे वाचन का अपरिहार्य आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

आता ज्यांच्याकडे बहुसंख्य लोक डोळ्यांच्या पहिल्या तक्रारीसाठी जातात, त्या ऑप्टोमेट्रिस्ट वर्गाकडे वळू. नंबर काढून चष्मा देणारा दुकानदार आणि दृष्टिदोषांचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला व्यवसायी यांतील भेद लोकांच्या मनात अद्याप पुसट असला, तरी संसदेने २०२१ साली केलेल्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात या व्यवसायास अधिकृत स्थान मिळाले आहे. सनद आली की जबाबदारी येते, आणि जबाबदारीबरोबर अद्ययावत राहण्याचे कर्तव्य येते. परंतु पदवी हाती पडताच महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे दार या तरुणांना बंद होते. परदेशी नियतकालिकातील एकेका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात, आणि भाड्याच्या गाळ्यात व्यवसाय थाटणाऱ्या माणसाला ते परवडण्याजोगे नाहीत. गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिके विनामूल्य वा स्वल्प दरात देणारी जागतिक आरोग्य संघटनेची योजना आहे, पण तिच्या लाभार्थी देशांत भारताचा समावेश नाही.

केंद्र सरकारने या बाबतीत एक मोठे पाऊल टाकले आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी देऊन तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली, आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना व केंद्राच्या संशोधनसंस्थांना खुली करण्याचे ठरले. परंतु महाविद्यालयाशी न जोडलेले पालिकेचे रुग्णालय, सार्वजनिक ग्रंथालय आणि स्वतंत्र व्यवसायी या व्याख्येत बसत नाहीत. ज्याच्यासमोर रुग्ण प्रत्यक्ष बसलेला असतो त्याच्यापर्यंतच ज्ञान पोहोचू नये, ही उणीव राज्य सरकारने केंद्राकडे रदबदली करून दूर करावयास हवी. जनतेच्या पैशाने घेतलेले ग्रंथधन निदान प्रत्येक जिल्ह्यातील एकेका सार्वजनिक ग्रंथालयात वाचता आले पाहिजे, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. ‘पबमेड’ ही साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय लेखांची सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे. कॉक्रेनच्या आढाव्यांचे सुबोध सारांश कोणासही वाचता येतात. वर उल्लेखिलेले भारतीय नियतकालिकही महाजालावर दाम न मोजता मिळते. उणीव आहे ती या भांडारात वाट दाखवणाऱ्याची. ‘मुलाचा नंबर वाढतो, काय करावे?’ या प्रश्नाचे, किती वयाचे मूल, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम, असे चार भाग पाडणे. त्यांना अनुरूप शोधशब्द निवडणे. एखाद्या रुग्णाचा वृत्तांत, नियंत्रित चाचणी आणि अनेक चाचण्यांचा आढावा यांतील अधिकारभेद ओळखणे. आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी बनावट नियतकालिके बाजूला सारणे, ही कला ग्रंथपालाची आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडताना ग्रंथाचे सार्थक त्याच्या उपयोगात मानले आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरवले. वैद्यकीय ग्रंथपालाहून या दोन सूत्रांचा अधिक यथार्थ अंमल दुसरा कोण करील?

म्हणून महापालिकेपुढे माझी योजना साधी आहे. शहरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात आरोग्यविषयक शोधकक्ष उघडावा. दोन संगणक, आरोग्यसाहित्याचे प्रशिक्षण घेतलेला एक ग्रंथपाल, आणि भाईंदर येथील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयाशी व स्थानिक ऑप्टोमेट्रिस्टांशी नियमित संपर्क, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसून एखादा लेख वाचावा, त्याची चिकित्सा करावी आणि त्याचे मराठीत एका पानाचे सार काढून दवाखान्यांत व शाळांत लावावे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या वेळेत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतल्यावर तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी येणाऱ्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण आपल्या उंच इमारतींच्या आणि आक्रसत्या मैदानांच्या शहरातील प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असावयास नको काय?

असा कक्ष केवळ वाचणारा राहणार नाही, हळूहळू तो प्रश्न विचारणारा होईल. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांवर झालेल्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिल्याने पानांच्या खुडणीत चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांची भर पडली. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कारागिराला आणि घरी बसून शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला असा चष्मा मिळतो काय, मिळाल्यास त्यांच्या मिळकतीत काय फरक पडतो, याचा शोध घेणे येथील व्यवसायींना अशक्य नाही. शालेय तपासणीतील नोंदी दप्तरात पडून न राहता अभ्यासल्या गेल्या, तर या शहरातील मुलांच्या दृष्टीचे यथार्थ चित्र प्रथम आपल्यालाच दिसेल.

सामान्य वाचक अशा कक्षात येऊन अर्धवट वाचून वैद्यांशी वाद घालू लागतील, अशी शंका कोणी काढील. पण तो वाद आजही होतो, आणि तो मोबाइलवर फिरणाऱ्या निराधार मजकुरावर होतो. प्रशिक्षित ग्रंथपालाच्या सान्निध्यात वाचणारा नागरिक अधिक नेमका प्रश्न विचारील, आणि नेमका प्रश्न हा चांगल्या वैद्याचा शत्रू कधीच नसतो. खर्चाची सबबही टिकणारी नाही. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला खरा, पण त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नसल्याने ग्रंथालये अनुदानावरच अवलंबून राहिली. म्हणूनच महापालिकांनी आपल्या तिजोरीतून वाटा उचलणे अगत्याचे आहे. येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने या कक्षासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी, आणि नागरिकांनी आपल्या नगरसेवकाकडे ती लेखी अर्जाने मागावी. आणि पुढच्या वेळी चष्म्याची काच निवडताना, हे कशावरून सांगता, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने आदरपूर्वक पण निःसंकोचपणे विचारावा.