आर. ए. फॅक्टर म्हणजे आमवात नव्हे

‘डॉक्टर, माझा आर. ए. पॉझिटिव्ह आला आहे,’ असे सांगतच हल्ली अनेक रुग्ण दवाखान्यात येतात. कुठे दुखते, कधीपासून दुखते, सूज आहे का, हे सारे मागाहून. आधी कागद पुढे होतो. गणपतीला गावी आलेला चाकरमानी मुलगा आईवडिलांच्या तपासण्यांचे ‘पॅकेज’ करून घेतो. त्यात साखर, चरबी, युरिक ॲसिड यांच्या जोडीला आर. ए. फॅक्टरही असतो. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की घरात आमवात शिरला असे सगळे धरून चालतात. माझे मत स्पष्ट आहे. सांध्यांना हात न लावता, केवळ रक्ताच्या कागदावरून आमवाताचे निदान करणे थांबले पाहिजे.

प्रथम आमवात म्हणजे काय ते पाहू. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर कूर्चा व हाड कुरतडले जाते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि बहुधा ऐन कामाच्या वयात सुरू होतो.

आता आर. ए. फॅक्टर. हे रक्तातील एक प्रथिन आहे. आपल्या शरीरातील प्रतिद्रव्यांवरच चाल करून जाणारे हे दुसरे प्रतिद्रव्य. नॉर्वेचे डॉ. एरिक वालर यांनी १९४० साली आणि अमेरिकेचे डॉ. हॅरी रोझ यांनी १९४८ साली ते ओळखण्याची रीत दाखवली. पुढे १९५६ साली लॅटेक्सच्या कणांवरची सोपी चाचणी निघाली आणि ती जगभर पसरली. चाचणी उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु हे प्रथिन केवळ आमवातातच आढळते असे नाही. क्षय, कुष्ठरोग, यकृताची विषाणूजन्य कावीळ, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग अशा विकारांतही ते वाढते. इतकेच काय, धडधाकट माणसांपैकी शेकडा ५ जणांत ते सापडते आणि वय वाढेल तसे हे प्रमाणही वाढते.

यातून काय घडते, ते आपल्याच महाराष्ट्रातील आकड्यांवरून पाहू. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने गावातील प्रौढांची घरोघर पाहणी झाली. सांधे-स्नायूंचे दुखणे असलेले शेकडा १८ निघाले. प्रत्यक्ष आमवात मात्र शेकडा अर्धा, म्हणजे दोनशेत एकाला. हेच प्रमाण धरून हजार प्रौढांच्या एखाद्या गावाचा हिशेब मांडा. दुखणारे १८०, त्यांत आमवाताचे ५. सर्व १८० जणांचे रक्त तपासले, तर आमवाताच्या ५ पैकी ३ किंवा ४ जण पॉझिटिव्ह येतील, कारण ही चाचणी सुमारे ७० टक्के रुग्णांनाच पकडते. उरलेल्या १७५ मधूनही ९ जण पॉझिटिव्ह येतील आणि त्यांना आमवात नसेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघे निष्कारण धास्तावणार आणि खऱ्या रुग्णांपैकी एखाददुसरा ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी परत जाणार.

चिकनगुनियाने या घोळात भरच घातली आहे. २००६ साली महाराष्ट्रात या तापाची मोठी साथ आली आणि त्यानंतरही तो अधूनमधून डोके वर काढतो. ताप उतरल्यावर सांधे काही आठवडे, कधी काही महिनेही, धरून राहतात. अशा काही रुग्णांत आर. ए. फॅक्टर तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यावरून आमवाताचा शिक्का मारून औषधे सुरू केली, तर काय होते? आमवातावरील मेथोट्रेक्सेट हे चांगले औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. यकृत व रक्तपेशींवर त्याचा परिणाम होतो का, हे वरचेवर तपासावे लागते. गरोदरपणात तर ते वर्ज्यच आहे. असे औषध कागदावरील एका शब्दाच्या भरवशावर घ्यायचे नसते.

कोणी म्हणेल, मग नवी ‘अँटी सी. सी. पी.’ चाचणी करावी. ही चाचणी निश्चितच अधिक चोख आहे. १९९८ च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनी तिचा पाया घातला. सांध्यांतील काही प्रथिनांत रासायनिक बदल होतात आणि त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये तयार करते. ती ही चाचणी शोधते. आमवात नसलेल्यांत ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही. परंतु आमवाताच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हीसुद्धा निगेटिव्ह असते. ई. एस. आर. आणि सी. आर. पी. यांविषयी तर बोलायलाच नको. त्यांतून दाह आहे एवढेच कळते, कशामुळे आहे ते कळत नाही. आपल्याकडच्या स्त्रियांत सर्रास आढळणाऱ्या रक्तक्षयानेही ई. एस. आर. वाढतो.

अमेरिका व युरोपातील सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली आमवाताचे जे निकष ठरवले, ते या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. परीक्षेसारखे एकूण १० गुण, त्यांपैकी ६ मिळाले तर आमवात. सुजलेल्या-दुखऱ्या सांध्यांना जास्तीत जास्त ५ गुण. आर. ए. फॅक्टर आणि अँटी सी. सी. पी. या दोहोंना मिळून ३. ई. एस. आर. वा सी. आर. पी. ला १. दुखणे सहा आठवडे वा अधिक टिकले तर १. म्हणजे रक्ताच्या साऱ्या चाचण्या जोरदार पॉझिटिव्ह आल्या तरी गुण होतात ४. केवळ रक्तावर कोणी ‘पास’ होत नाही! उलट, हातापायांचे लहान सांधे मिळून दहापेक्षा अधिक सांधे धरलेले असतील आणि दुखणे सहा आठवड्यांचे असेल, तर रक्त निगेटिव्ह असूनही ६ गुण भरतात. शिवाय पहिली अटच अशी की, निदान एका सांध्याला डॉक्टरांना जाणवणारी सूज हवी आणि तिचे दुसरे कारण सापडलेले नसावे.

मग घरच्यांनी काय पाहावे? सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात का आणि ती सैल व्हायला अर्धा तास, तासभर लागतो का? भाकरी थापताना, रहाटाचा दोर ओढताना, ओले कपडे पिळताना मनगटे साथ देत नाहीत का? बोटांच्या मुळाचे व मधले सांधे दोन्ही हातांना सुजले आहेत का? हस्तांदोलन करताना पंजा दाबला तर कळ येते का? असे सहा आठवडे चालले असेल, तर रक्त निगेटिव्ह आहे म्हणून स्वस्थ बसू नका. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा योग्य औषध मिळाले तर सांधे वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

हेही मान्य केले पाहिजे की आपल्या जिल्ह्यात अंतरे मोठी आहेत. सांधेरोगतज्ज्ञाला दाखवायचे तर बहुतेकांना मुंबई गाठावी लागते, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. त्यामानाने रक्त देणे सोपे. पण सांधे तपासायला यंत्र लागत नाही. दोन हात आणि पाच मिनिटे पुरतात. ते काम तालुक्याचा, खेड्याचा डॉक्टरही करू शकतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आर. ए. फॅक्टरच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन ओळी लिहाव्यात. कोणते सांधे सुजले आहेत आणि किती आठवड्यांपासून. या ओळी लिहिता येत नसतील, तर ती तपासणी बहुधा नकोच. प्रयोगशाळांनी ही चाचणी सरसकट ‘पॅकेज’मध्ये घालू नये आणि अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ न छापता आकडा व त्याची मर्यादा द्यावी, कारण किंचित वाढ आणि तिप्पट वाढ यांचा अर्थ वेगळा होतो. रुग्णांनीही ‘आता आर. ए. किती उतरला’ हे पाहण्यासाठी दर महिन्याला पैसे घालवू नयेत. औषध लागू पडते आहे की नाही, हे सूज, सकाळचा आखडलेपणा आणि सी. आर. पी. यांवरून समजते.

रक्ताची साक्ष जरूर घ्यावी. मात्र सांध्यांचे म्हणणे आधी ऐकावे, निकाल मागाहून द्यावा.