नागपुरात दुकानं रात्री ८ पर्यंत उघडली, पण बंद दिवसांचा हिशेब कोणाकडे मागायचा?

इतवारीत दुपारचे ४ वाजले की शटर खाली ओढायची घाई सुरू व्हायची. दर्शनी भाग बंद, आत दोन गिऱ्हाईकं, बाहेर पोरगा उभा. महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाची गाडी दिसली की आवाज द्यायचा. जूनच्या अखेरीपासून नागपूरच्या बाजारपेठांत हेच चित्र होतं. राज्य सरकारच्या २ ऑगस्टच्या आदेशाने ते बदललं. २०२१ च्या त्या आदेशानुसार सोमवार ते शुक्रवार रात्री ८ पर्यंत, शनिवारी दुपारी ३ पर्यंत दुकानं सुरू राहणार होती. रविवारी अत्यावश्यक सोडून बाकी सगळं बंद.

व्यापाऱ्यांना दिलासा मिळाला, हे खरं. पण त्याआधीच्या ५ आठवड्यांत जे बुडालं त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. आणि त्याचं उत्तर शोधायला गेलं की लक्षात येतं, दुकान बंद करायचा नियम एका कागदावर लिहिला जातो आणि मदतीची योजना दुसऱ्याच. या दोन कागदांची कधी गाठच पडत नाही.

आकडे पहिल्या स्तराचे, नियम तिसऱ्या स्तराचे

७ जूनपासून राज्यात अनलॉकचे ५ स्तर लागू झाले. हिशेब साधा होता. पॉझिटिव्हिटी रेट ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजनचे २५ टक्क्यांपेक्षा कमी बेड भरलेले असतील, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं सुरू. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांच्या वर गेली किंवा ७५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन बेड भरले, तर पाचवा. नागपूर पहिल्या स्तरात आलं. काही स्थानिक बंधनं ठेवून का होईना, शहर उघडलं.

मग २५ जूनला नवा आदेश आला. डेल्टा प्लसचे रुग्ण सापडले होते, तिसऱ्या लाटेची भीती होती. त्यामुळे आकडे कितीही चांगले असले तरी कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही, असं ठरलं. नागपुरात त्या वेळी पॉझिटिव्हिटी १ टक्क्याच्याही खाली होती. तरीही २८ जूनपासून दुकानं दुपारी ४ ला बंद आणि शनिवार-रविवार पूर्ण बंद.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांहून अधिक रुग्ण सापडले होते. बेडसाठी रात्र रात्र फिरलेली माणसं शहर अजून विसरलेलं नाही. पण "आकडे खाली आणा, सूट मिळेल" असं सांगून आकडे खाली आल्यावर सूट काढून घेतली, तर लोकांचा आकड्यांवरचा विश्वास उडतो. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससह व्यापारी संघटनांचा राग होता तो यावरच.

शिवाय ही काही पहिली वेळ नव्हती. तत्कालीन पालकमंत्री नितीन राऊत यांनी ११ मार्चला १५ ते २१ मार्चचा कडक लॉकडाऊन जाहीर केला, तेव्हा राज्यातल्या बऱ्याच शहरांत बाजार सुरू होते. त्यानंतर एप्रिलच्या सुरुवातीला राज्यभर 'ब्रेक द चेन' आलं आणि अत्यावश्यक नसलेली दुकानं जूनपर्यंत बंदच राहिली. म्हणजे लग्नसराई गेली, अक्षय्य तृतीया गेली, ईदही गेली.

४ वाजले म्हणजे सगळ्यांचे सारखे वाजले नाहीत

दुपारी ४ ची वेळ कागदावर सगळ्यांना सारखी दिसते. तर्री-पोह्यांच्या टपरीला तिचा फारसा फरक पडत नाही, तिचा धंदा सकाळीच आटोपतो. किराणावाल्याचं गिऱ्हाईक वेळ बदलून येतं. पण सावजी भोजनालयाची चूल खरी पेटते ती संध्याकाळी. ४ ला बंद म्हणजे त्याच्यासाठी दिवसच बंद. पार्सलची मुभा होती, पण पार्सलवर वाढप्याचा पगार निघत नाही. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक बाजाराचं दुखणं आणखी वेगळं. तिथे भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडचा किरकोळ दुकानदार माल घ्यायला येतो. त्याच्या गावचं दुकान शनिवार-रविवार बंद असेल तर तो येऊन करणार काय?

२ ऑगस्टच्या आदेशातही हॉटेलांना ही सूट नव्हती. त्यांना तेव्हाही आठवड्याचे पाचच दिवस, ५० टक्के क्षमतेने आणि दुपारी ४ पर्यंतच गिऱ्हाईक बसवता येत होतं. मॉल रात्री ८ पर्यंत चालणार, शेजारचं भोजनालय ४ ला उठणार, अशी स्थिती होती. यामागचं कारण समजण्यासारखं आहे, मास्क काढल्याशिवाय जेवता येत नाही. पण मग ज्याला जास्त काळ बंद ठेवायचं, त्याला जास्त मदत, हे ओघानेच यायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो?

हे सगळे आदेश प्रामुख्याने दोन कायद्यांखाली निघाले. एक १८९७ चा साथरोग कायदा, दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसऱ्या कायद्यात एक गंमत आहे. कलम ६५ नुसार प्रशासन एखादी इमारत किंवा वाहन ताब्यात घेऊ शकतं आणि कलम ६६ नुसार त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे तुमचं हॉटेल क्वारंटाइन सेंटरसाठी घेतलं, तर पैसे मागायचा हक्क आहे. तेच हॉटेल नुसतं बंद ठेवायला लावलं, तर नाही. कलम १३ मध्ये तेव्हा मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलत किंवा सवलतीचं नवं कर्ज देण्याची शिफारस करता येत होती. पण बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यात नव्हती.

बाहेरच्या देशांत काय झालं? ब्रिटनने २०२१ मध्ये दुकानं उघडताना 'रिस्टार्ट ग्रँट' दिली. कपडे, चपलांसारख्या दुकानांना ६ हजार पौंडांपर्यंत, हॉटेल-जिम वगैरेंना १८ हजार पौंडांपर्यंत. जो जास्त काळ बंद राहिला त्याला जास्त. अमेरिकेने कर्ज दिलं, पण त्यातला मोठा हिस्सा नोकरांच्या पगारावर खर्च केला तर कर्ज माफ. त्या देशांच्या तिजोऱ्या वेगळ्या, हे मान्य. पण मुद्दा रकमेचा कमी आणि जोडणीचा जास्त आहे. तिथे बंदीच्या नियमाला मदत जोडलेली होती.

मग आपल्याकडे मिळालं काय?

१३ एप्रिलला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अधिकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. १४ एप्रिलच्या रात्रीपासून १ जूनपर्यंत साधारण ४७ दिवस कडक निर्बंध होते. दिवसाला ३२ रुपये पडले. तेही यादीत नाव असेल तर. सीताबर्डीच्या मेन रोडवर वर्षानुवर्षं हातगाडी लावणाऱ्याकडे नोंदणीचा कागद नसेल, तर तो मदतीपुरता फेरीवाला ठरत नव्हता. भाड्याच्या गाळ्यातला दुकानदार तर या यादीतच नव्हता.

केंद्राची मदत बहुतांश कर्जाच्या रूपात आली. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीतून विनातारण १० हजार, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान. मोठी योजना होती ती तातडीच्या कर्ज हमीची, म्हणजे ईसीएलजीएस. मूळ योजनेत २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्यावर जेवढं कर्ज होतं, त्याच्या २० टक्के जादा कर्ज विनातारण मिळत होतं. बँकेचा व्याजदर जास्तीत जास्त ९.२५ टक्के. ५ लाखांचं कर्ज असेल तर १ लाख मिळायचे.

आणि कर्जच नसेल तर? शून्याचे २० टक्के शून्यच. उधारी टाळून, स्वतःच्या बचतीवर किंवा नातेवाइकांच्या पैशावर दुकान चालवणारा माणूस इथे बाहेर पडला. बाजारात असे दुकानदार थोडेथोडके नाहीत.

योगायोग असा की २८ जूनला नागपूर तिसऱ्या स्तरात गेलं, त्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या योजनेची मर्यादा ३ लाख कोटींवरून साडेचार लाख कोटी केली. त्यानंतर ४ दिवसांनी, २ जुलैला, नागपूरचे खासदार आणि तेव्हाचे एमएसएमई मंत्री नितीन गडकरी यांनी किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यांना एमएसएमईत घेतल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये त्यांना बाहेर काढलं होतं. आता दुकानदारांना उद्यम पोर्टलवर नोंदणी करता येईल आणि बँका त्यांना प्राधान्य क्षेत्रातलं कर्ज देऊ शकतील. मात्र फायदा तेवढ्यापुरताच आहे. लघुउद्योगांच्या बाकीच्या सवलती त्यांना लागू नाहीत.

म्हणजे इथेही कर्जच.

खरी अडचण पुढे होती. ईसीएलजीएसच्या पहिल्या कर्जांना मुद्दल फेडण्यासाठी १ वर्षाची सूट होती. ज्यांनी २०२० च्या जून-जुलैत कर्ज घेतलं, त्यांची सूट नेमकी २०२१ च्या जून-जुलैत संपली, दुकानांवर निर्बंध असताना. १ लाखाच्या कर्जाला ३ वर्षांसाठी महिन्याला सुमारे ३,२०० रुपये हप्ता बसायचा. मूळ कर्जाचा हप्ता, गाळ्याचं भाडं आणि वीजबिल वेगळं.

ज्यांना हे झेपत नव्हतं त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी कर्जाची पुनर्रचना करण्याची मुभा दिली होती. खातं ३१ मार्च २०२१ ला नियमित असायला हवं होतं. पुनर्रचना आपोआप होत नव्हती, बँकेत जाऊन अर्ज द्यावा लागत होता, आणि त्यावरचा निर्णय ३० सप्टेंबर २०२१ च्या आत व्हायला हवा होता.