आजची धूळ, उद्याचे दुखणे

मे महिन्याची सुट्टी लागली म्हणजे शाळांच्या इमारतींची डागडुजी सुरू होते. पावसाळा तोंडावर आलेला असतो, गळकी छपरे नीट करावयाची असतात. मग सिमेंटच्या पत्र्यांवर माणसे चढतात. कोणी पत्रा करवतीने कापतो, कोणी बोल्टासाठी भोक पाडतो, कोणी फुटका पत्रा वरूनच खाली टाकतो. त्याचे तुकडे कित्येक ठिकाणी मैदानाच्या कोपऱ्यात पडून राहतात, आणि जूनमध्ये शाळा भरली की मुले त्यांचीच ठिकरी करून खेळू लागतात. यात कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु हे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे असतात. म्हणूनच या नित्याच्या दृश्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फुप्फुसांभोवती आणि पोटातील इंद्रियांभोवती एक पातळ अस्तर असते. त्या अस्तराच्या कर्करोगास मेसोथेलिओमा म्हणतात. छातीत वा पोटात पाणी होते, धाप लागते, दुखू लागते. आपल्याकडे छातीतील पाणी म्हटले की आधी क्षयाची शंका येते, आणि खरे निदान होईपर्यंत मोलाचा काळ निघून जातो. प्रौढांत या रोगाचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू हे होय. श्वासावाटे ते आत जातात, वर्षानुवर्षे तेथेच राहतात, आणि साधारणतः वीस ते पन्नास वर्षांनी रोग प्रकट होतो.

हा रोग क्वचित लहान मुलांतही आढळतो. इतका क्वचित की मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांनाही असे बालरुग्ण मोजकेच भेटतात. या मुलांच्या पूर्ववृत्तात ॲस्बेस्टॉसचा संबंध बहुधा सापडत नाही. काहींना पूर्वी दुसऱ्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेले असतात, काहींत जनुकांतील दोष आढळतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत कारण कळतच नाही. तेव्हा मुलाच्या दुखण्याने आधीच खचलेल्या मातापित्यांनी घरावरच्या पत्र्यास किंवा स्वतःस दोष देत बसू नये, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही.

तथापि, यावरून ॲस्बेस्टॉसपासून मुलांना भय नाही असा निष्कर्ष कोणी काढील, तर ती घोर चूक ठरेल. ज्या रोगाला प्रकट होण्यास वीस ते पन्नास वर्षे लागतात, तो दहाव्या वर्षी दिसणार कसा? बालपणी घेतलेल्या धुळीचे फळ बालरुग्णालयात दिसत नाही. ते चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या खाटेवर दिसते. बालवयातील मेसोथेलिओमा विरळा आहे, म्हणून मुले सुरक्षित आहेत असे मानणे म्हणजे पेरणी होऊन आठवडा झाला नाही तोच पीक दिसत नाही म्हणून बी पेरलेच नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

याचा पुरावा जुना आहे. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी काम केलेले नव्हते. त्यांचे लहानपण मात्र खाणीच्या आसपास गेले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम येथे १९४३ पासून १९६६ पर्यंत अशीच खाण चालली. खाणीतला टाकाऊ चुरा गावच्या रस्त्यांवर आणि शाळेच्या आवारातही पसरला गेला, आणि मुले त्यात खेळली. खाण बंद झाली, मुले मोठी होऊन दूरदूर गेली, आणि दुखणे त्यांच्यामागून गेले. २००७ साली सरकारने गावाचा दर्जाच काढून घेतला. बैल गेला आणि झोपा केला, याहून वेगळे काय म्हणावे?

ब्रिटनमधील सरकारी तज्ज्ञ समितीने २०१३ साली या प्रश्नाचा हिशेब मांडला. सारख्याच प्रमाणात तंतू शरीरात गेले, तर पाचव्या वर्षी संसर्ग झालेल्या मुलास आयुष्यभरात हा रोग होण्याचा संभव तिसाव्या वर्षी संसर्ग झालेल्या माणसाच्या सुमारे पाचपट असतो. मुलाचे फुप्फुस अधिक नाजूक असते, असे त्या समितीने सिद्ध म्हणून सांगितलेले नाही. साधे कारण हे की मुलापुढे जगण्याची वर्षे अधिक असतात आणि रोगाला वाढण्यास तितकाच अधिक अवधी मिळतो. आपण ज्यास दीर्घायुष्याचा आशीर्वाद देतो, त्याचे दीर्घायुष्यच येथे संकटाचे साधन होते!

आपल्या देशाची स्थिती काय आहे? ब्रिटनने १९९९ साली, ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर आणि दक्षिण आफ्रिकेने २००८ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशांतून आजही येतो आणि त्याचा मोठा भाग छपरांच्या पत्र्यांत जातो. पांढरा निरुपद्रवी, हा युक्तिवाद जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला नाही. सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोगाची चाल न्यायालयाने अचूक ओळखली होती. परंतु कामगारास निदान हजेरीपट तरी असतो. पत्र्याच्या धुळीत खेळलेल्या मुलाची नोंद कोणत्या वहीत आहे?

यावर असे म्हटले जाईल की, हा पत्रा गरिबाचे छप्पर आहे, तो काढून त्याला उघड्यावर बसवणार काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. अशा छपराखाली शिकलेल्या आणि शिकवलेल्या पिढीतीलच आम्ही आहोत; छप्पर नसलेल्या शाळेची पावसाळ्यातील अवस्था आम्हांस ठाऊक आहे. शिवाय शाबूत पत्र्यातील तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. खरा धोका पत्रा कापताना, फोडताना आणि जुना होऊन झिजताना असतो. म्हणून उद्याच सारी छपरे उतरवा, असे आम्ही म्हणत नाही. घाईने उतरवलेले छप्पर न उतरवलेल्या छपराहून घातक ठरावयाचे.

आमची मागणी माफक आहे. महापालिकेने व जिल्हा परिषदांनी कोणत्या शाळेवर असे पत्रे आहेत आणि ते कोणत्या अवस्थेत आहेत, याची यादी करून ती प्रसिद्ध करावी. नवा पत्रा घालावयाचा तो ॲस्बेस्टॉसविरहित असावा. जुना काढावयाचा तो मुले नसताना, ओला करून, न फोडता, शिकवून तयार केलेल्या व योग्य मुखपट्टी वापरणाऱ्या माणसांकडून काढावा. त्याचा चुरा मैदानाच्या भरावात तर कदापि जाऊ नये. देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईतच सुरू झाली. मेसोथेलिओमाचा रुग्ण आला की त्याचा धंदा विचारला जावा, तसेच त्याचे बालपण कोठे गेले आणि शाळा कशी होती, हेही विचारले जावे.

रुग्ण दाखवा, मग उपाय करू, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, हे रुग्ण आज पहिलीच्या वर्गात पाढे म्हणत बसले आहेत. ते दुखण्याने दारी येतील तेव्हा आजचा एकही अधिकारी त्या खुर्चीवर नसेल, आणि हे लिहिणारे आम्हीही नसू. उत्तर मागण्यास समोर कोणी नसेल, म्हणून उत्तरदायित्व टळत नाही. येत्या सुट्टीत छपरावर शिडी लागेल, त्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि प्रत्येक पालकाने एकच प्रश्न विचारावा: हा पत्रा कशाचा आहे?