हाव नडली, की लाज?

‘तिकीटच काढलं नाही, तर लॉटरी लागेल कशी?’ फसवणुकीची बातमी आली की कोलाडच्या नाक्यापासून मुंबईच्या लोकलपर्यंत हा सवाल ठरलेला. लगोलग निकालही तयार: हाव नडली! हा निकाल सोपा आहे, बराचसा चुकीचा आहे आणि ठगांच्या चांगलाच पथ्यावर पडणारा आहे.

सवाल मात्र बिनतोड. उन्हाळ्यात भिऱ्याच्या धरणातून पाणी सुटलं तरच कोलाडला कुंडलिका नदीत राफ्ट वाहते. न काढलेल्या तिकिटाचंही तसंच. अडचण अशी की ठगांनी या सवालाचं उत्तर आधीच शोधून ठेवलंय. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशात तिकिटाचा विषयच नसतो. देशभरच्या सिम कार्डांतून तुमचा नंबर निघाला, २५ लाख लागले, एवढंच. सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो, शिक्के, सह्या. अनेकदा नंबर ९२ ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा. आणि अट अशी की बोलायचं ते व्हॉट्सअॅपवरच.

मग मागणी येते ती ‘प्रोसेसिंग फी’ची. ती भरली की जीएसटी, मग आणखी कसलंसं शुल्क. कुणी कचरलं, तर बक्षीसच वाढतं: २५ चे ४५ लाख होतात. पहिला हप्ता आशेपोटी जातो, हे कबूल. दुसऱ्या हप्त्यापासून मात्र माणूस बक्षिसामागे धावत नसतो, गेलेले पैसे सोडवायला धावत असतो. त्याला लोभ म्हणायचं, तर बुडत्या उधारीपायी खेटे घालणारा प्रत्येक दुकानदार लोभी ठरेल.

‘अडाणीच फसतात’ हा दुसरा आक्षेप. उलट, थोडं ठाऊक असणाराच इथे अडकतो. बक्षिसावर कर लागतो हे त्याने वाचलेलं असतं, आणि ते खरंही आहे: १० हजारांवरच्या लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के. पण तो कर बक्षीस देणारा आधी कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. विजेत्याने खिशातून आगाऊ भरायचा नसतो. यावर कुणी म्हणेल, बक्षिसात मोटार लागली तर? मोटारीतून ३० टक्के कापता येत नाहीत, म्हणून तिथे ताबा देण्याआधी कर भरला जावा लागतो. मुद्दा रास्त, पण तो कर सरकारी तिजोरीत जमा होतो, कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर नाही.

खरी लॉटरी कशी असते, तेही पाहायला हवं. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्य सरकारनेच आणि राज्यातच काढायला हवी. सिम कार्डांची अखिल भारतीय सोडत यात कुठेच बसत नाही. परदेशी लॉटरीचं तर नावच नको: तिच्यासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने ‘तुमची रक्कम आमच्याकडे अडकली आहे’ अशी पत्रंही येतात. ही बँक सामान्य माणसाचं बचत किंवा ठेवीचं खातंच उघडत नाही.

आता ‘हाव नडली’ हा निकाल ठगांच्या पथ्यावर कसा पडतो, ते. सायबर फसवणुकीसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायला बँकेला कळवलं जातं. ठग मात्र ते पैसे घटकाभरात चार खात्यांत पांगवतो, म्हणजे सगळी शर्यत वेळेशी. अशा वेळी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून फसलेला माणूस घरातही बोलत नाही. चार दिवस असेच जातात, आणि हे चार दिवस ठगाला मिळवून दिलेले असतात नाक्यावरच्या त्या टोमण्याने. गावकीत एकाने उघड सांगितलं, तर निदान शेजाऱ्याचा दुसरा हप्ता थांबतो.

तेव्हा संदेश पुसू नयेत. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचा नंबर हाताशी ठेवून लगेच १९३० लावावा. आणि काही दिवसांनी कुणाचा फोन आला, ‘तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, सोडवायला थोडं शुल्क भरा’, तर पुन्हा १९३० च लावावा.