रिकामा डबा

यंदाच्या पावसाळ्यात सूर्यमाळचा आमचा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. मोखाड्याच्या त्या डोंगरातल्या ओहोळात पहाटे धरलेले मासे त्याच्या आईने साफ करून, मीठ-हळद लावून डब्यात दिले होते. त्र्यंबकमार्गे दुपारी ते नाशिकला पोचले.

"सर, गेल्या वर्षीचं लोणचं कसं झालं?"

"झकास!" मी म्हणालो. सौ.ने माझ्याकडे नुसते पाहिले. कारण ते लोणचे चौथ्याच दिवशी फसफसले होते. मिठाचे सुटलेले पाणी निथळू न देता मी मासे अर्धेकच्चे तळले आणि ओल्या बरणीत भरले. लोणच्याचा वैरी पाणी. आणि मासा तर पाण्यातलाच!

या खेपेस सौ.ने सूत्रे हाती घेतली. तुकडे निथळून, पुसून कुरकुरीत तळले. लसूण, मोहरी, तिखट तेलात परतले. पाण्याचा थेंब नाही, त्याऐवजी शिरका. गोव्यात सुक्या माशाचा 'पारा' माडाच्या शिरक्यात मुरतो, तो याच न्यायाने. आंबटापुढे जंतूंचे फारसे चालत नाही. तरी घरची बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि आठवड्यात संपवावी.

जेवताना मात्र मला राहवेना. खरे काय ते सांगून टाकले. पोरगा हसला.

"आईला ठाऊक होतं, सर. गेल्या वर्षी डबा रिकामाच परत आला ना! म्हणून या वेळी मोठा दिलाय."

संध्याकाळी तो डबा आम्ही निम्मा भरून परत धाडला.