कौटुंबिक विचार : सोयरीक परदेशची, कागद घरचे

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं चार पत्रें एकाच विषयाचीं होतीं. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं परदेशीं गेली, तेथेंच एका परदेशस्थ व्यक्तीशीं विवाह ठरला, आणि आतां तिकडून कागदांची जी यादी आली आहे ती पाहून घरांतील वडील मंडळी गोंधळून गेली आहेत. असा विवाह करावा कीं करूं नये, हा वाद येथें घालण्याची आमची इच्छा नाहीं. तो घरोघर आधींच होऊन गेलेला असतो. परंतु ज्या घरांत तो पुरता मिटलेला नसतो, त्या घरांत यादीच्या निमित्तानें तो पुनः कसा उभा राहतो, हें आम्हीं एका स्नेह्यांच्या वाड्यांत प्रत्यक्ष पाहिलें. त्यांच्या संमतीनें, नांवें गाळून, तीच हकीकत आज आधाराला घेतों.

स्नेही पुण्याचे; कुटुंब एकत्र. थोरले बंधु निवृत्त वकील असून घरांत शब्द त्यांचाच. धाकट्या बंधूंचा मुलगा सहा वर्षें जर्मनींत एका कारखान्यांत इंजिनियर आहे, वधू तेथीलच. मुलानें प्रथम लिहिलें कीं, आपण तेथें भटजींना बोलावून विधि करूं, तुम्ही सगळीं या. मुलाच्या आईस तें फार आवडलें. पण जर्मनींत कायद्याच्या दृष्टीनें विवाह म्हणजे सरकारी नोंदणी-कचेरींत होतो तोच. १८७६ सालच्या आरंभापासून त्या देशांत हा नियम सर्वत्र लागू आहे. कचेरींतील विवाहानंतर मंडळी चर्चमध्यें जावोत अथवा होम-सप्तपदी करोत, त्यास कोणाची हरकत नाहीं. मात्र नुसती सप्तपदी झाली तर तेथील सरकारच्या दप्तरीं वधूवर अविवाहितच राहतात.

मग कोणीतरी सुचविलें कीं, आपली वकिलात आहे ना, तेथेंच लग्न लावूं. ही समजूत पुष्कळांची असते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. १९६९ सालच्या परदेशीय विवाह कायद्यानें आपल्या वकिलातींतील विवाह-अधिकाऱ्यास लग्न लावण्याचा अधिकार दिला आहे. दोहोंपैकीं एक जण तरी भारताचा नागरिक पाहिजे. वराचें वय एकवीस व वधूचें अठरा पूर्ण पाहिजे. कोणाचाहि पूर्वीचा पति अगर पत्नी हयात नसावी. एकानें तरी त्या अधिकाऱ्याच्या हद्दींत तीस दिवस वास्तव्य केलेलें असावें. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठीं तीस दिवस जावे लागतात, आणि तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीपासून सहा महिन्यांत लग्न झालें नाहीं तर ती नोटीस रद्द समजतात. हें सर्व खरें; परंतु जर्मन कायदा असा आहे कीं, त्या देशांत परक्या वकिलातीनें लावलेलें लग्न वधूवरांपैकीं कोणीहि जर्मन नसेल तरच ग्राह्य धरतात. येथें वधू जर्मन. तेव्हां वकिलातीचा मार्ग बंद झाला.

राहिली नोंदणी-कचेरी. तेथें प्रथम मागतात तो विवाहयोग्यतेचा दाखला. त्याचें जर्मन नांव ‘एहेफेइग्काइट्सत्सॉयग्निस’ असें असून तें एका श्वासांत म्हणतां येईल तो विवाहास योग्य समजावा, असें मुलानें गमतीनें लिहिलें होतें. जर्मन कायद्याचें म्हणणें असें कीं, परदेशी वराची पात्रता त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानें ठरवावी, आणि ती ठरवून त्याच्याच देशानें दाखला द्यावा. हिंदुस्थानांत असा दाखला देणारी कचेरीच नाहीं. म्हणून तेथील प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज करून या दाखल्यापुरती सूट मिळवावी लागते. ही सूट मिळाल्यापासून सहाच महिने टिकते. सूट देण्याजोगा हा मनुष्य आहे कीं नाहीं, हें अध्यक्षांनीं कशावरून ठरवावयाचें? अर्थात् कागदांवरून. आणि ते कागद जर्मनींत नसतात. ते आपल्या माजघरांतल्या ट्रंकेंत असतात.

त्यांत पहिला जन्माचा दाखला. आमच्याकडे बारसें बाराव्या दिवशीं, आणि इस्पितळांतून नोंद त्याच्या आधींच गेलेली. सबब जुन्या दाखल्यांत बाळाच्या नांवाची जागा पुष्कळदां कोरीच आढळते. १९६९ सालच्याच जन्ममृत्यु-नोंदणी कायद्यांत मागाहून नांव घालण्याची सोय आहे, पण ती सोय करून घेण्याचें काम विवाहाचें ठरण्यापूर्वींच केलें तर बरें. स्नेह्यांच्या घरीं ही कोरी जागा भरून आणण्यास मुलाच्या वडिलांस महापालिकेच्या पांच फेऱ्या पडल्या.

दुसरी अडचण अशी कीं ती आमच्या ध्यानांत पूर्वीं कधींच आली नव्हती. जन्माच्या दाखल्यावर आईचें नांव सासरचें. तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर माहेरचें नांव, माहेरच्याच आडनांवासह. पासपोर्टावर तिसराच प्रकार. कारण तेथें कारकुनानें पतीचें नांव मधें घातलें आणि त्यांतील ‘पंत’ गाळला. जर्मन कचेरीच्या अधिकाऱ्यानें सभ्यपणें विचारलें कीं, या तीन बाई कोण, आणि यांपैकीं वराची आई कोणती? बोहल्यावरून उतरतांना तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिलें, तें तबकांतले तांदूळ आवरल्यावर राहिलें कोठें, हें त्या परक्या माणसास कसें सांगावें! आपल्याकडे सर्व आळीस तें नांव माहीत असतें, एवढाच त्याचा पुरावा. मुलाच्या आई आम्हांस म्हणाल्या, “चाळीस वर्षें मी दोन्ही नांवांना ओ देत आलें, आतां एकानें दुसरीची साक्ष काढायची वेळ आली.” हें त्या हंसून म्हणाल्या, तरी त्यांचें मन कोठें तरी दुखावलें होतें.

यावर उपाय निघाला तो मोठा विलक्षण. विवाहाची नोंद हाच दोन नांवें जोडणारा सरस पुरावा. पण या दांपत्याचें लग्न १९८४ सालचें, आणि त्या काळीं नोंद करावयास कोण जात होतें? १९५३ चा मुंबई कायदा होता, १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा पुढें आला, २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्वच विवाहांची नोंद सक्तीची करण्याविषयीं राज्यांस आदेश दिले. पण आमच्या पिढीच्या घरांत लग्नपत्रिका व अल्बम यांपलीकडे कागद नसतो. तेव्हां मुलाचें लग्न व्हावें म्हणून आईबापांनींच प्रथम आपल्या लग्नाची नोंद करावी, असें ठरलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों, कारण तिच्यांत पुष्कळांचे पैसे वायां जातात. परदेशीं पाठवावयाच्या कागदांवर दिल्लीच्या परराष्ट्र खात्याकडून जें ‘अपोस्टिल’ नांवाचें प्रमाणपत्र चिकटवून मिळतें, तें १९६१ सालच्या हेगच्या करारान्वयें मिळतें. भारतास तो करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. पुष्कळ देशांत तेवढ्यानें काम भागतें. परंतु भारताच्या या प्रवेशास जर्मनीनें हरकत घेतली असल्यामुळें या दोन देशांपुरतें अपोस्टिल निरुपयोगी आहे. स्नेह्यांनीं एका दलालाच्या सांगण्यावरून आठ कागदांवर तें करून घेतलें. दलालानें पैसे घेतले आणि कागद होते तसेच राहिले. जर्मन रीत वेगळी आहे. तेथील कचेरी आपले कागद इकडील जर्मन वकिलातीकडे पाठविते, आणि वकिलात आपल्या विश्वासांतील एका वकिलाकडून प्रत्यक्ष जागेवर चौकशी करविते. यांत महिने जातात आणि खर्चहि बराच येतो. तो सोसवत नाहीं म्हणून कित्येक जोडपीं डेन्मार्कास जाऊन लग्न लावतात. तेथें २०१९ पासून ही तपासणी एकाच सरकारी खात्याकडे असून कागद थोडे लागतात. त्या खात्याचें प्रमाणपत्र चार महिने चालतें. मार्ग कायदेशीर आहे. पण मुलाच्या आईस तें पळून जाऊन लग्न केल्यासारखें वाटलें, आणि मुलानें आईचें ऐकलें.

आतां मूळ पेंचाकडे वळतों. यादींत आईबापांचें एक प्रतिज्ञापत्र होतें. मजकूर दोन ओळींचा : आमचा मुलगा अविवाहित आहे, आणि त्याचा पूर्वीं कोणाशींहि विवाह झालेला नाहीं. यांत संमतीचा शब्द कोठेंहि नाहीं. तेहतीस वर्षांच्या मुलास आईबापांची संमति ना आपला कायदा विचारतो, ना जर्मनांचा. परंतु त्या वाड्यांत तें प्रतिज्ञापत्र संमतिपत्र म्हणूनच वाचलें गेलें. मुलाचे वडील म्हणाले, “दादा सांगतील तर सही करतों.” आणि दादा कांहींच बोलेनात. असे तीन आठवडे गेले.

दादांस वधू परदेशची आहे याचें दुःख नव्हतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्यांचें मौन केवळ त्यापायीं नव्हतें. ते वकील. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचें एकोणिसावें कलम त्यांस पाठ होतें : एकत्र कुटुंबांतील हिंदु घटकानें या कायद्याखालीं विवाह केला कीं तो त्या कुटुंबांतून विभक्त झाला असें समजावें. हें कलम जुनेंच आहे. १८७२ च्या कायद्याखालीं लग्न करणाऱ्यांस आपण हिंदु नाहीं असें लिहून द्यावें लागे. १९२३ सालीं हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस आपसांतील विवाहापुरती त्यांतून मोकळीक मिळाली, आणि त्याच वेळीं हें विभक्तपण पदरीं आलें. १९७६ च्या दुरुस्तीनें दोन्ही पक्ष हिंदु असल्यास तें लागू होईनासें झालें. पण वधू ख्रिस्ती. शिवाय १९६९ च्या कायद्याच्या अठराव्या कलमानें या तरतुदी परदेशांत झालेल्या विवाहांसहि लावल्या आहेत. वाडा वडिलार्जित, तो पाडून नवी इमारत बांधण्याचें बिल्डराशीं बोलणें चाललेलें. “पुतण्याच्या लग्नानें माझ्या हयातींत घराची वाटणी व्हायची, आणि त्या कागदावर मींच हो म्हणायचें?” असें ते एके संध्याकाळीं आम्हांजवळ बोलले. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आम्हीं त्यांस जें सांगितलें तें वाचकांसहि सांगतों. विभक्त होणें म्हणजे हक्क गमावणें नव्हे. मुलाचा जो हिस्सा असेल तो त्याचाच राहतो. तो एकत्र न राहतां वेगळा समजला जातो, आणि त्याच्यापुढील वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें चालतो. पुढील विसावें कलम, धर्म किंवा जात सोडणाऱ्यांचे हक्क राखणाऱ्या १८५० च्या कायद्याचें संरक्षण अशा विवाहितांस देतें. बापाच्या किंवा काकांच्या स्वकष्टार्जित मिळकतीशीं या कलमाचा संबंध नाहीं. एका छपराखालीं राहण्यास आणि एका पंक्तीस जेवण्यास कायदा आडवा येत नाहीं. बिल्डराच्या करारांत मुलाचें नांव वेगळ्या हिस्सेदाराचें म्हणून घातलें कीं व्यवहार सुरळीत होतो. घरांतल्या एका आप्तांनीं सुचविलें कीं वधूकडून धर्मांतर करवून हें कलमच टाळावें. आमच्या मतें मिळकतीच्या सोयीसाठीं सुनेचा धर्म बदलविणें हें सुनेसहि शोभणारें नाहीं आणि धर्मासहि नाहीं. दादांनींहि ती सूचना हातानेंच बाजूस सारली.

याच सुमारास भावाच्या विवाहनोंदणीचा दिवस आला. कचेरींत तीन साक्षीदार पाहिजेत. चाळीस वर्षांपूर्वीं त्या लग्नांत हजर असलेलीं माणसें आतां उरलीं किती? दादा होते. ते गेले. धाकटे बंधु कोटांत, वहिनी ठेवणींतल्या पैठणींत, आणि सभोंवार विशीपंचविशींतलीं जोडपीं. कारकुनानें वधूचें पूर्वीचें नांव विचारलें, तेव्हां वहिनींच्या आधीं दादांनींच तें उच्चारलें, माहेरच्या आडनांवासकट. त्याच दिवशीं परततांना त्यांनीं वाटेंत नोटरीच्या दारांत गाडी थांबविली आणि भावास म्हणाले, “तो दुसरा कागदहि आणला आहेस ना? मग उरकून टाक.” दुसऱ्या दिवशीं वाड्याच्या करारांत पुतण्याचें कलम त्यांनीं स्वतः लिहून काढलें.

पुढें चार महिन्यांनीं चौकशीचे वकील आले. शेजाऱ्यांना विचारलें, शाळेंत जाऊन रजिस्टर पाहिलें, मग वाड्यांत येऊन बसले. सोयरीक जुळवितांना आपण पूर्वीं चौकशीस मध्यस्थ पाठवीत असूं, त्याचाच हा सरकारी अवतार. दादांनीं सर्व प्रश्नांस नेमकीं उत्तरें दिलीं आणि चहा झाल्यावर विचारलें, “मुलाची चौकशी आपण केलीत तें योग्यच, आतां मुलीकडची चौकशी आम्हीं कोणाकडून करवावी?” वकीलसाहेबांजवळ याला उत्तर नव्हतें. त्यांनीं आणखी थोडा चिवडा घेतला.

मुलाच्या आईची शंका तेवढी राहिली : सून इकडे यावयाची कशी? तेथील विवाहाची नोंद १९६९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानें आपल्या वकिलातींत करून घेतां येते. ती अवश्य करावी. नोंदलेल्या विवाहास सलग दोन वर्षें झालीं म्हणजे परदेशी पत्नीस किंवा पतीस प्रवासी भारतीय नागरिकत्वाचें, ज्यास ‘ओसीआय’ म्हणतात तें, कार्ड मागतां येतें. तोंपर्यंत व्हिसा.

सूट आषाढांत आली. सहा महिन्यांची मुदत, त्यांत चातुर्मास, मुहूर्त निघेना. दादांनीं पंचांग मिटलें आणि नोंदणी-कचेरींतली मोकळी तारीख कोणती, तें कळविण्यास मुलास तार केल्यासारखा दोन शब्दांचा निरोप धाडला. लग्न भाद्रपदांत झालें.